मोसंबीची बाग आणि मोबाइलवरचा बाजार

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांचा सण उरकला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नात्यातल्या एका घरी बैठक बसली होती. बैठक वाटणीची नव्हती आणि सोयरिकीचीही नव्हती. सणाला अंगावर घालाव्यात म्हणून धाकट्या सुनेने पाटल्या शोधल्या, तर डबा रिकामा. चोरी झाली म्हणून घरभर रडारड. संध्याकाळी नवऱ्याने खाली मान घालून सांगितले, पाटल्या चोरीला गेल्या नाहीत. बँकेत गहाण आहेत. आणि गहाण टाकून आलेले पैसेही आता नाहीत.

दोघे भाऊ माझे सख्खे भाचे. मामा म्हणून मला बोलावणे आले. गाव जालना जिल्ह्यातले. नावे सांगत नाही, कारण ही गोष्ट आज एका घरापुरती राहिलेली नाही. ज्या गावात मोबाइलला रेंज आहे, त्या गावात असे एखादे घर सापडेल.

झाले होते ते असे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. दहा जिल्ह्यांतून तो गेला आणि वाटेतल्या कित्येक घरांना जमिनीचे एकरकमी पैसे मिळाले. आमच्या या घरालाही मिळाले. दोघा भावांनी सारखे वाटून घेतले. थोरल्याने आधी सोसायटीचे आणि सावकाराचे फेडले, शेततळ्याला कागद घातला, थोडे बँकेत मुदतीने ठेवले आणि दुधाच्या पगारातून दरमहा 3000 रुपये म्युच्युअल फंडात टाकायला सुरुवात केली. धाकटा म्हणाला, "दादा, तुझ्या चालीने गेलो तर म्हातारपणी श्रीमंत होईन. मला आत्ता व्हायचे आहे."

त्याने मोबाइलवर खाते उघडले आणि शेअरबाजारात रोजची खरेदी-विक्री सुरू केली. पहिल्याच आठवड्यात 22,000 रुपये सुटले. त्याने पारावर पेढे वाटले. मला वाटते, त्या घराचे खरे नुकसान त्या पेढ्यांनी केले. पहिल्या आठवड्यात तोटा आला असता तर तो तिथेच थांबला असता.

पुढचे काय सांगावे? वाट्याचे पैसे संपले, मग पीककर्जाचे गेले, मग पाटल्या. "पी हळद आणि हो गोरी" असे आपल्या आयाबाया म्हणत आल्या, ते उगीच नाही.

वाचकहो, दोघांनीही पैसा बाजारातच टाकला होता. बाजार एकच, वर्षेही जवळपास तीच. मग एकाचे टिकले आणि एकाचे गेले, असे का झाले? ते समजून घ्यावे म्हणून हा लेख.

फंड म्हणजे नेमके काय?

समजा, गावातल्या शंभर घरांनी प्रत्येकी हजार रुपये काढले आणि एक लाखाची समाईक बाग घेतली. बागेचे दहा-दहा रुपयांचे 10,000 वाटे पाडले. प्रत्येक घराला 100 वाटे आले. बाग बघायला एक जाणता माणूस ठेवला आणि त्याचा पगार बागेच्या उत्पन्नातून द्यायचे ठरले. पुढे बागेची किंमत दीड लाख झाली तर एक वाटा 15 रुपयांचा होतो. गारपीट होऊन किंमत 80,000 वर आली तर तोच वाटा 8 रुपयांचा.

म्युच्युअल फंड तो हाच. वाट्याला युनिट म्हणतात आणि वाट्याच्या भावाला एनएव्ही. बागेऐवजी त्यात शंभरेक कंपन्यांचे शेअर किंवा सरकारचे आणि कंपन्यांचे कर्जरोखे असतात. हे शेअर आणि रोखे फंड चालवणाऱ्या माणसाच्या खिशात नसतात. ते वेगळ्या संस्थेच्या ताब्यात ठेवलेले असतात, वर विश्वस्त असतात आणि या सगळ्यांवर सेबी या सरकारने नेमलेल्या नियामक मंडळाची देखरेख असते. देखरेख आहे म्हणून कोणी पैसे घेऊन पळून जाणे अवघड आहे. पण देखरेख आहे म्हणून भाव पडणार नाही, असे मात्र नव्हे. गारपीट सेबीला थांबवता येत नाही.

जुन्या लोकांना युनिट ट्रस्ट आठवत असेल. 1964 साली तो सुरू झाला आणि "यूएस-64" या योजनेत देशभरातल्या शिक्षकांनी, कारकुनांनी, पेन्शनरांनी पैसे ठेवले. 1986 मध्ये त्याच ट्रस्टने मास्टरशेअर ही शेअरमध्ये पैसे गुंतवणारी योजना आणली. 1987 मध्ये स्टेट बँकेने आपला फंड काढला आणि 1993 पासून खासगी फंड आले. यूएस-64 चा शेवट मात्र गोड झाला नाही. तिच्या युनिटचा भाव बागेच्या खऱ्या किमतीवर ठरत नसे. ट्रस्ट स्वतःच तो जाहीर करी. बागेत झाडे कमी आणि कागदावर वाटे महाग, असे व्हायला लागले. जुलै 2001 मध्ये खरेदी-विक्री काही महिने थांबवावी लागली, शेवटी सरकारला मध्ये पडावे लागले आणि 2003 मध्ये ट्रस्टचे दोन भाग झाले. त्यातून एक धडा मिळाला: मोठे नाव आणि सरकारी शिक्का पाहून डोळे मिटायचे नाहीत. आज प्रत्येक फंडाला कामकाजाच्या दर दिवशी खरा भाव जाहीर करावा लागतो. तो आपण पाहू शकतो. पण रोज पाहायचा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. त्याकडे पुढे येऊ.

धाकटा काय करत होता?

धाकटा बाग घेत नव्हता. तो बागेच्या भावावर पैज लावत होता.

त्याने बहुतेक पैसे "ऑप्शन" नावाच्या व्यवहारात घातले. आपल्या भाषेत सांगायचे तर तो इसाराचा व्यवहार आहे. समजा, जमीन विकत घ्यायचा इसार दिला आणि ठरले की, अमुक तारखेपर्यंत जमिनीचा भाव वर गेला तर तुमचा फायदा. नाही गेला तर इसार बुडाला. जमीन आहे तिथेच राहते, पण तुमचे पैसे गेले. बाजारात ही मुदत महिन्याची असते, काही व्यवहारांत आठवड्याची. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर असून चालत नाही, तो त्याच आठवड्यात बरोबर यावा लागतो. पाऊस येणार हे तुम्ही बरोबर सांगितले, पण तो मुदतीनंतर दोन दिवसांनी आला, तरी इसार गेला.

या व्यवहारांत किती लोकांचे काय झाले, हे सेबीनेच मोजले आहे. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त माणसांनी असे व्यवहार केले. त्यांतल्या शंभरातल्या 93 जणांना तोटा झाला. तोटा दरडोई सरासरी सुमारे दोन लाख रुपये. सगळ्यांचा मिळून 1 लाख 80 हजार कोटींहून अधिक. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर कमावणारे शंभरात एक. पुढच्या 2024-25 सालीही शंभरातले 91 जण तोट्यातच राहिले.

आता शेतकऱ्याच्या कानावर घालण्याजोगी गोष्ट. 2023-24 मध्ये असे व्यवहार करणाऱ्या शंभरातले 72 जण देशातली मोठी तीस शहरे सोडून बाकीच्या भागातले होते आणि शंभरातल्या 75 जणांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितले होते. म्हणजे हा मुंबईच्या शेटजींचा खेळ राहिलेला नाही. तो तालुक्याच्या आणि गावच्या पोरांचा झाला आहे.

मग पैसा जातो कुठे? तोही हिशेब आहे. त्याच 2023-24 सालात स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या मोठ्या दलाली पेढ्यांनी खर्चापूर्वी सुमारे 33,000 कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे 28,000 कोटी रुपये मिळवले. त्यांतला बहुतेक नफा संगणकाने आपोआप केलेल्या व्यवहारांचा होता. आपला पोरगा गोठ्यात एका हाताने चारा टाकत दुसऱ्या हाताने बटण दाबतो, तेव्हा समोर डोळ्याची पापणी लवायच्या आत हजार सौदे करणारे यंत्र बसलेले असते. बैलगाडी आणि आगगाडी यांची शर्यत लावून गाडीवानाला दोष देण्यात अर्थ नाही. पण गाडीवानाने शर्यत लावू नये, एवढे सांगता येते.

शेअर घेऊन त्याच दिवशी विकले तर?

काहीजण म्हणतात, "आम्ही ऑप्शनला हात लावत नाही. सकाळी शेअर घेतो, दुपारी विकतो." त्यांचाही हिशेब सेबीने केला आहे. 2022-23 साली असे करणाऱ्या दहांतल्या सात जणांना तोटा झाला. तिशीच्या आतल्या पोरांत शंभरातले 76 तोट्यात. आणि जे वर्षाला 500 हून जास्त सौदे करत होते, त्यांच्यात शंभरातले 80. म्हणजे जितके जास्त हात मारले, तितके जास्त पाणी नाकातोंडात.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडियन या दोन प्राध्यापकांनी 1991 ते 1996 या काळातली 66,465 घरांची शेअरची खाती तपासली आणि 2000 साली निष्कर्ष छापला. बाजार स्वतः वर्षाला 17.9 टक्क्यांनी वाढला होता. सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्या घरांच्या हाती मात्र 11.4 टक्केच आले. बाजार चढता असतानाही त्यांचे पैसे मागे राहिले, ते मुख्यतः सौद्यांच्या खर्चापायी.

हा खर्च म्हणजे वाळवी आहे. दिसत नाही, पण दार पोखरते. एक साधे गणित करून पाहू. पन्नास हजारांचे शेअर घेतले आणि विकले. दलाली, सरकारी कर, मुद्रांक आणि बाजाराचे शुल्क मिळून एका फेरीला सव्वाशे रुपये गेले असे धरा. शंभराला चार आणे. काहीच वाटत नाही. पण दर आठवड्याला एक फेरी केली तर वर्षाच्या 52 फेऱ्यांचे 6500 रुपये होतात. म्हणजे पन्नास हजारांवर वर्षाला 13 टक्के. एवढे तर आधी कमवायचे, तेव्हा कुठे मुद्दल जागेवर राहणार. अडत्याकडे दर आठवड्याला तोच माल विकून परत विकत घेणारा शेतकरी तुम्ही पाहिला आहे का? अडत, हमाली, तोलाई भरून तो घरी काय नेणार?

थोरलाही घाबरला होता

आता थोरल्याची बाजू. त्याला शहाणा ठरवून मोकळे व्हावे, असे नाही. तोही माणूसच आहे.

मार्च 2020 मध्ये करोनाची साथ आली. 23 मार्चला एकाच दिवसात मुंबईचा सेन्सेक्स 3934 अंकांनी पडून 25,981 वर आला. दोनच महिन्यांपूर्वी तो 42,000 च्या घरात होता. थोरल्याने मोबाइलवर पाहिले तर टाकलेल्या पैशांतलेही कमी झालेले. रात्री त्याला झोप लागेना. सकाळी तो म्हणाला, "उरले आहेत तेवढे काढून घेतो."

थोरली सून भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पाऊस लांबला म्हणून कोणी बियाणे भाजून खात नाही. यंदा त्या पैशाचे आपल्याला काम आहे का?" काम नव्हते. दूध चालू होते, बँकेत थोडे होते, कर्ज नव्हते. "मग राहू द्या," ती म्हणाली. तो थांबला, हप्ताही चालूच ठेवला. 21 जानेवारी 2021 रोजी सेन्सेक्सने पहिल्यांदा 50,000 चा आकडा ओलांडला.

यात सूनबाईला बाजाराचे ज्ञान होते असे नाही. तिने एकच प्रश्न विचारला: या पैशाचे यंदा काम आहे का? पण हा प्रश्न विचारता आला, कारण आधी कर्ज फेडलेले होते आणि अडीनडीचे बाजूला ठेवलेले होते. ज्याच्या डोक्यावर सावकार उभा आहे, त्याला पडत्या भावात विकण्यावाचून गत्यंतर नसते. धीर हा नुसता स्वभावाचा गुण नाही. धीराला आधी शिदोरी लागते.

पडत्या भावात हप्ता कसा कामाला येतो?

दरमहा ठरलेली रक्कम टाकण्याला एसआयपी म्हणतात. तिची गंमत एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

पाच महिने दरमहा 1000 रुपये टाकले. वाट्याचा भाव पहिल्या महिन्यात 20 रुपये, दुसऱ्यात 16, तिसऱ्यात 10, चौथ्यात 16 आणि पाचव्यात परत 20. वाटे मिळाले अनुक्रमे 50, साडेबासष्ट, 100, साडेबासष्ट आणि 50. एकूण 325. टाकले 5000. शेवटच्या भावाने किंमत झाली 6500. भाव जिथे होता तिथेच परत आला, तरी दीड हजार सुटले. कारण स्वस्ताईत वाटे जास्त आले. खत स्वस्त असताना दोन पोती जास्त घ्यावीत, तसेच हे.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भाव 10 वरच अडकून राहिला, तर त्या 325 वाट्यांचे 3250 च होतात, म्हणजे पावणेदोन हजार तोटा. अडकून किती दिवस राहतो? जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्सने 21,000 ओलांडले होते. ऑक्टोबरात तो 8000 च्या खाली उतरला. नोव्हेंबर 2010 मध्ये परत 21,000 ला टेकला आणि पुन्हा घसरला. त्या उंचीच्या पुढे पक्के पाऊल पडायला 2013 साल संपत आले. जवळजवळ सहा वर्षे. म्हणून शेअरच्या फंडात सात-आठ वर्षांच्या आत लागणारा पैसा घालू नये. मुलीचे लग्न दोन वर्षांवर असेल तर तो पैसा बँकेतच बरा.

आता लांब पल्ल्याचे गणित. दरमहा 1000 रुपये, वाढ वर्षाला 10 टक्के धरली. ही खात्री नव्हे, केवळ धरलेली आहे. दहा वर्षांत टाकले 1 लाख 20 हजार, झाले सुमारे 2 लाख 5 हजार. वीस वर्षांत टाकले 2 लाख 40 हजार, झाले सुमारे 7 लाख 59 हजार. पहिल्या दहा वर्षांत दोन लाख आणि पुढच्या दहांत साडेपाच लाख. मोसंबीवाल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पहिली चार-पाच वर्षे नुसते पाणी आणि खत, घरचे म्हणतात, "झाडे काय पानेच देणार का?" मग बहार लागतो. पाचव्या वर्षी कंटाळून बाग तोडणाऱ्याने खर्च सगळा केला आणि फळ शेजाऱ्याचे पाहिले.

बाग उपटून मूळ पाहू नका

फंडात पैसे ठेवूनही काही लोक धाकट्याच्याच वाटेने जातात. यंदा एक फंड वर आला की पहिल्यातले काढून त्यात घालतात; पुढच्या वर्षी तिसऱ्यात. गेल्या वर्षी कांद्याला भाव होता म्हणून यंदा सगळ्या रानात कांदा लावला, तर काय होते ते आपण भोगले आहे. भाव दिसेपर्यंत भाव निघून गेलेला असतो.

प्रत्येक उडीला खर्चही आहे. शेअरच्या पुष्कळ फंडांतून वर्षाच्या आत पैसे काढले तर साधारण एक टक्का कापतात. शिवाय कर. जुलै 2024 पासूनच्या नियमाप्रमाणे शेअरच्या फंडात वर्षाच्या आतल्या नफ्यावर 20 टक्के कर आहे. वर्षापेक्षा जास्त ठेवले तर सालात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही आणि त्यावर साडेबारा टक्के. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे म्हणून हा नफाही करमुक्त, असे समजू नका. दोन्ही वेगवेगळे.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रत्येक फंडाचे दोन प्रकार असतात: एक थेट आणि एक मध्यस्थामार्फत. मध्यस्थाच्या प्रकारात त्याचे कमिशन दरसाल आपल्याच पैशातून जाते. वरच्या उदाहरणात एक टक्का कमी धरला, म्हणजे दहाऐवजी नऊ, तर वीस वर्षांनी 7 लाख 59 हजारांचे 6 लाख 68 हजार होतात. फरक 91 हजारांचा. मध्यस्थ चांगला असेल, पडत्या काळात आपला हात धरणारा असेल, तर त्याचे पैसे वाया गेले असे म्हणणार नाही. पण आपण काय देतो आणि त्याबदल्यात काय मिळते, हे माहीत असावे. ज्यांना निवडीची कटकट नको, त्यांच्यासाठी निर्देशांक फंड आहेत. बाजारात जेवढ्या मोठ्या कंपन्या निर्देशांकात, तेवढ्याच त्या फंडात. त्यात हुशारी कमी आणि खर्चही कमी.

शेतकऱ्याने कसे करावे?

नोकरदाराचा पगार एक तारखेला होतो; आपला पैसा कापूस, सोयाबीन, ऊस किंवा मोसंबी गेल्यावर येतो. म्हणून नोकरदाराची घडी आपल्याला जशीच्या तशी बसत नाही. दुधाचा किंवा कोंबड्यांचा नियमित पैसा असेल तर दरमहा हप्ता ठीक. नसेल तर पीक विकल्यावर रक्कम आधी लिक्विड फंडात ठेवता येते आणि तिथून दरमहा थोडी थोडी शेअरच्या फंडात वळवता येते. फॉर्म भरताना तसे सांगावे. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर बँक दंड लावते, म्हणून हप्ता झेपेल तेवढाच धरा. बऱ्याच फंडांत 500 रुपयांचा हप्ता चालतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे इथेही खरे.

क्रम असा ठेवावा:

पहिले, सावकाराचे फेडा. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला 36 टक्के. ते वाचवण्याइतका फायदा कोणताही फंड खात्रीने देणार नाही.

दुसरे, पुढच्या हंगामाचे बी-खत आणि सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत राहू द्या. त्याला बाजार दाखवू नका.

तिसरे, कर्त्या माणसाचा साधा मुदतीचा विमा आणि घराचा आरोग्य विमा.

चौथे, त्यानंतर जे उरेल आणि सात-आठ वर्षे लागणार नाही, ते फंडात. सगळेच नाही. 2012 च्या दुष्काळात आमच्या भागात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. ज्यांचे सगळे बागेतच होते, त्यांचे हाल कुत्रे खाईना. एका झाडाखाली सगळी गुरे बांधू नयेत.

पाचवे, वारसाची नोंद करा. फंडाचे कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा आणि ते कुठे आहेत हे घरातल्या बाईला ठाऊक असू द्या. पैसा दोघांचा असेल तर माहितीही दोघांना हवी.

आणि व्हॉट्सअॅपवर कोणी "महिन्याला दहा टक्के नक्की" म्हणून गटात घेतले, तर तिथून तत्काळ बाहेर पडा. बाजारातल्या परताव्याची हमी देण्याची मुभा सेबीने कोणालाच दिलेली नाही. जो हमी देतो तो तिथेच खोटा ठरला. सल्ला देणाऱ्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक मागा, आणि तो क्रमांक सेबीच्या यादीत त्याच्याच नावावर आहे का, हे स्वतः पाहा.

पाटल्यांचे काय झाले?

बैठकीत धाकट्याला रागे भरायला सगळे तयार होते. मीही होतो. थोरला मात्र बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "एकूण किती?" धाकट्याने आकडा सांगितला. थोरला आत गेला, कागदांची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "माझ्या फंडातले निम्मे काढू. आधी पाटल्या सोडवू."

मी म्हटले, "अरे, इतकी वर्षे मोडायचे नाही म्हणालास, साथीतसुद्धा मोडले नाहीस."

तो म्हणाला, "मामा, भाव पडला म्हणून मोडायचे नव्हते. घराचे काम निघाले तर मोडायलाच ठेवले होते."

धाकटा तेव्हा रडला. फुकटचे घेणार नाही म्हणाला. दोन म्हशींचे दूध तो आता सांभाळतो आणि दर पगाराला भावाला काही परत करतो. मोबाइलवरचे खाते त्याने बंद केले. एकदा मला म्हणाला, "मामा, पैशाचे वाईट वाटतेच. पण तीन वर्षे मी जेवताना ताटाकडे पाहिले नाही, पोराशी बोललो नाही. नजर सगळी त्या हिरव्या-लाल आकड्यांवर. ती वर्षे कोणत्या बँकेतून सोडवू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. थोरला मात्र त्याला बागेत घेऊन गेला. मृग बहाराची फळे धरली होती. दोघांनी मिळून आळी केली.

वाचकहो, तुमच्या घरात एखादा पोरगा जेवताना मोबाइल उलटा ठेवत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. जवळ बसा आणि विचारा, "बाळा, किती?" तो आकडा लवकर कळला, तर पुष्कळ काही वाचते.